व्हॉक्सेल खेळातील थेट वेब नकाशा

घनाकृती ठोकळ्यांनी, म्हणजेच व्हॉक्सेलांनी, बनलेल्या खेळातील जग ब्राउझरमध्ये वरून दिसावे आणि खेळाडूंनी केलेले बांधकाम थोड्याच वेळात त्या चित्रावर आपोआप उमटावे, यासाठी उभारलेल्या व्यवस्थेला थेट वेब नकाशा म्हणतात. माइनक्राफ्टसाठी डायनमॅप आणि ब्लूमॅप ही साधने प्रचलित आहेत. २०१० मध्ये माइनटेस्ट या नावाने सुरू झालेल्या आणि २०२४ मध्ये लुआन्टी असे नवे नाव घेतलेल्या मुक्तस्रोत व्हॉक्सेल-खेळ मंचासाठी मॅपसर्व्हर हा गो भाषेत लिहिलेला प्रोग्राम वापरतात. लुआन्टी विनामूल्य आहे आणि साध्या संगणकावरही चालते. सांगलीसारख्या शहरातील महाविद्यालयाच्या संगणक कक्षाला तेच अधिक सोयीचे असल्याने पुढील विवेचन मुख्यतः त्याला धरून केले आहे.

एकदाच काढलेला नकाशा आणि थेट नकाशा यांत खरा फरक चित्राचा नसून बदल ओळखण्याचा आहे. लुआन्टी आपले जग १६ × १६ × १६, म्हणजे ४,०९६ ठोकळ्यांच्या ‘मॅपब्लॉक’मध्ये विभागून डेटाबेसमध्ये ठेवते. मॅपसर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना या डेटाबेसमध्ये प्रत्येक मॅपब्लॉक शेवटचा कधी बदलला हे नोंदवणारा एक स्तंभ वाढवतो, आणि त्यानंतर केवळ नव्या वेळेचे मॅपब्लॉक वाचून तेवढ्याच टाइल्स, म्हणजे नकाशाचे चौकोनी चित्र-तुकडे, पुन्हा काढतो. सर्वांत जवळच्या झूमवर मॅपब्लॉकचा एक उभा स्तंभ म्हणजे २५६ पिक्सेलची एक टाइल. त्यावरच्या प्रत्येक पातळीत खालच्या चार टाइल्सची मिळून एक होते. झूमच्या १३ पातळ्या असल्यामुळे एक ठोकळा बदलला तर फार तर १३ टाइल्स बदलतात, बाकीच्या जगाला हात लावावा लागत नाही. हीच या रचनेतील सर्वांत देखणी गोष्ट आहे.

उभारणीचे टप्पे थोडे आहेत. डेटाबेसच्या रचनेत बदल होणार असल्याने खेळ बंद करून जगाच्या फोल्डरची प्रत आधी बाजूला काढावी. ही पायरी कधीही टाळू नये. त्यानंतर मॅपसर्व्हर त्याच फोल्डरमध्ये ठेवून चालवला की तो जगाचा पहिला पूर्ण नकाशा काढू लागतो आणि ८०८० या पोर्टवर दाखवतो. खेळाडूंची ठिकाणे दिसण्यासाठी याच नावाचा मॉड, म्हणजे खेळाला जोडायचा पूरक प्रोग्राम, खेळात बसवावा लागतो, आणि त्याला एचटीटीपी वापरण्याची परवानगी खेळाच्या सेटिंगमध्ये स्पष्टपणे द्यावी लागते. नव्या मॉडने आणलेल्या ठोकळ्यांना रंगांच्या यादीत रंग दिला नसेल तर ते नकाशावर उमटत नाहीत. बांधलेली भिंत खेळात आहे पण नकाशात नाही, याचे कारण बहुधा हेच असते.

थर, म्हणजे जगाचा कोणत्या उंचीपासून कोणत्या उंचीपर्यंतचा भाग नकाशावर दाखवायचा, हे ठरवताना मात्र विचार करावा लागतो. समजा, सांगली आणि सांगलीवाडी यांना जोडणारा १९२९ चा आयर्विन पूल, एक ठोकळा म्हणजे एक मीटर या प्रमाणात बांधला आणि पुलापाशी पाणी मोजण्याच्या पट्टीचा शून्य हीच खेळातील शून्य उंची धरली. ४० फुटांची इशारा पातळी मग सुमारे १२ व्या आणि ४५ फुटांची धोका पातळी सुमारे १४ व्या ठोकळ्यावर येते. २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, ते १७ च्या पुढे जाते. थराच्या सीमा ठोकळ्यांत नव्हे तर मॅपब्लॉकमध्ये सांगितल्या जातात, आणि शून्य क्रमांकाचा मॅपब्लॉक १५ व्या उंचीवर संपतो. थर तिथेच तोडला, तर धोका पातळीपर्यंतचे पाणी नकाशावर नीट दिसेल, पण महापुराचे सर्वांत वरचे पाणी नकाशाबाहेर राहील. त्यासाठी थराची वरची सीमा किमान एक क्रमांकाच्या मॅपब्लॉकपर्यंत न्यावी. शिवाय वरून पाहणाऱ्या नकाशावर पुराचा पसारा दिसतो, खोली दिसत नाही, हे विद्यार्थ्यांना आधीच सांगितलेले बरे.

असे पाणी एका झटक्यात एक चौरस किलोमीटरवर चढवले तर सर्वांत खालच्या पातळीवरच सुमारे ३,९०० टाइल्स नव्याने काढाव्या लागतात. तेवढा वेळ नकाशा मागे पडतो, आणि खेळ व नकाशा एकाच संगणकावर असतील तर खेळही अडखळू शकतो. मोठे बदल तुकड्यातुकड्याने करणे हा त्यावर साधा उपाय आहे. माइनक्राफ्टमधून येणाऱ्यांनी दिशांकडेही लक्ष द्यावे: लुआन्टीत झेड अक्ष उत्तरेकडे वाढतो, माइनक्राफ्टमध्ये दक्षिणेकडे. हे विसरल्यास कृष्णा उलटी वाहू लागते.

कक्षातल्या कक्षात नकाशा पाहायचा असेल तर सर्व्हरचा स्थानिक आयपी पत्ता आणि पोर्ट एवढे पुरते. बाहेरून दाखवायचा असेल, तर खेळाडूंची ठिकाणे सर्वांना दिसू द्यायची का हे आधी ठरवावे, विशेषतः खेळणारी मुले शाळकरी असतील तेव्हा. त्यानंतर रिव्हर्स प्रॉक्सीमागे, म्हणजे बाहेरच्या विनंत्या घेऊन आतल्या सर्व्हरकडे पोचवणाऱ्या मध्यस्थ सर्व्हरमागे, एचटीटीपीएससह नकाशा ठेवावा. थेट बदल वेबसॉकेटवरून, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील सतत खुल्या जोडणीवरून, येतात. प्रॉक्सीने वेबसॉकेट पुढे पाठवले नाही, तर नकाशा उघडतो, झूमही होतो, पण पान पुन्हा लोड केल्याशिवाय त्यावर नवी वीट दिसत नाही. अशा वेळी मॅपसर्व्हर पुन्हा बसवण्याऐवजी प्रॉक्सीची सेटिंग तपासावी.