तळीतले मासे, साडेतीनशेचा गॉगल आणि एडविन लँड

मार्चात इथे गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एक गॉगल घेतला, साडेतीनशेला. विकणारा म्हणाला पोलराइज्ड आहे, मी म्हटलं असेल बाबा. आपल्या बाजारात 'पोलराइज्ड' हा शब्द आता 'मानकुराद'सारखा झालाय, कुठल्याही आंब्याला लावतात. घरी येताना पोंबुर्फ्याच्या धक्क्यावरून चोडण बेटाची फेरीबोट पकडली, मोबाईल आडवा करून क्रिकेट बघायला गेलो तर स्क्रीन काळीकुट्ट. मेला म्हटलं फोन. गॉगल कपाळावर ढकलला तर स्क्रीन चालू. परत लावला, काळी. फोन उभा केला तर गॉगलातूनही छान दिसतंय. शेजारी स्कूटरवर बसलेले एक काका बघत होते, न राहवून त्यांनी विचारलं, "कितें जालें रे?" मी गॉगल सरळ त्यांच्या नाकावर चढवला आणि मग चोडण येईपर्यंत आम्ही दोघं फोन गोल गोल फिरवत होतो.

म्हणजे गॉगल खरा निघाला. (तुम्हालाही तपासायचा असेल तर हीच युक्ती, गॉगल स्क्रीनसमोर धरून हळूहळू फिरवा, कुठेतरी काळोख झाला पाहिजे.)

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास देवळाच्या तळीवर गेलो. पायऱ्यांवर बसून बघितलं तर पाण्यावर नुसतं आभाळ, चकचकीत, डोळे बारीक करावे लागत होते. गॉगल लावला आणि ते आभाळ कुणीतरी ओढून काढल्यासारखं गेलं, खाली शेवाळ धरलेली तिसरी पायरी, तिच्यावर पडलेली कुणाची तरी फुलांची माळ, आणि बोटभर लांबीचे दहा-बारा मासे. मान आडवी केली की परत आभाळ. बारा वाजता परत गेलो तर मजा बरीच कमी झालेली, चारला पुन्हा झकास. याचं कारण गमतीशीर आहे आणि त्या कारणावर एडविन लँड नावाच्या एका माणसाने आख्खी कंपनी उभी केली, म्हणून हा लेख.

प्रकाश ही लाट आहे हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. लाट म्हटली की ती कुठल्यातरी दिशेने थरथरते. सूर्याचा उजेड येतो त्यात वर-खाली, डावी-उजवी, तिरपी, सगळ्या दिशांची थरथर एकत्र असते. पण तोच उजेड पाण्यावर तिरका आपटून उसळतो तेव्हा त्यात आडवी थरथर जास्त उरते, उभी बरीचशी पाण्यात शिरते. एक ठराविक कोन असा येतो की उसळलेल्या उजेडात फक्त आडवीच राहते. स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टरने १८१५ मध्ये या कोनाचा नियम मांडला, पाण्यासाठी तो सुमारे ५३ अंश, सरळ उभ्या रेषेपासून मोजायचा. आपल्याकडे मार्चात सूर्य त्या उंचीला येतो तो साधारण सकाळी नऊ आणि दुपारी चारला. बाराला सूर्य डोक्यावर, कोन चुकला, जादू गेली. पोलराइज्ड काच फक्त उभी थरथर आत सोडते आणि आडवी गिळते, त्यामुळे पाण्यावरची चमक गेली आणि माशांवरून आलेला उजेड तेवढा डोळ्यात पोचला.

आता ही काच. एडविन लँडचा जन्म ७ मे १९०९ चा, अमेरिकेतल्या ब्रिजपोर्ट गावचा, बापाचा भंगाराचा धंदा. पोरगा १९२६ मध्ये हार्वर्डला गेला आणि वर्षभरात सोडून न्यूयॉर्कला आला. डोक्यात एकच भुंगा, रात्री समोरून येणाऱ्या मोटारीच्या दिव्यांनी ड्रायव्हरचे डोळे दिपतात त्यावर काहीतरी करायचं. पोलराइज्ड प्रकाशाने ते होईल हे त्याला कळलेलं होतं, पण त्या काळी असा प्रकाश मिळवायचा तर आइसलँड स्पार नावाच्या खनिजाचा चिरून जोडलेला प्रिझम लागायचा, महाग आणि अंगठ्याएवढा. तो हेडलाइटवर काय लावणार?

मग त्याला वाचनात एक पाऊणशे वर्षांपूर्वीची भानगड सापडली. इंग्लंडात ब्रिस्टलला विल्यम हेरापथ म्हणून डॉक्टर होता, त्याच्या शिकाऊ पोराने क्विनीन पाजलेल्या कुत्र्याच्या मुतात आयोडीनचे थेंब टाकले. का टाकले देव जाणे. तर त्यात हिरव्या चमकदार सुया तयार झाल्या, आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन सुया एकमेकींवर फुलीसारख्या आल्या की तिथे काळं दिसायचं. तोच माझा फेरीवरचा फोन! हेरापथने १८५२ मध्ये हे छापलं आणि पुढची कित्येक वर्षं लोक एकच धडपड करत बसले, या सुईचा मोठा स्फटिक कसा बनवायचा. बनेना, हात लावला की तुटायचा. (हेच क्विनीन आपल्याकडे हिवतापावर प्यायचे, आणि टॉनिक वॉटरच्या बाटलीतला कडवटपणा तो याचाच.)

लँडने उलटं केलं आणि माझ्या मते त्याच्या सगळ्या आयुष्यातली सगळ्यात हुशार गोष्ट हीच, बाकी सगळं नंतर. तो म्हणाला, मोठा स्फटिक हवाच कशाला? डोळ्याला दिसणारही नाहीत एवढ्या बारीक कोट्यवधी सुया करू, लाखेसारख्या चिकट द्रवात कालवू आणि सगळ्यांची तोंडं एका दिशेला करू, म्हणजे सगळ्या मिळून एका मोठ्या स्फटिकाचं काम करतील. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाचनालयात दिवसा वाचन, आणि रात्री कोलंबिया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत खिडकीतून शिरायचं, कारण तिथे ताकदवान चुंबक होता. चुंबकाने सुया खरोखर रांगेत आल्या. १९२९ मध्ये पेटंटचा अर्ज केला, तेव्हा वय फक्त एकोणीस. पुढे चुंबकही नको झाला, ते कालवण अरुंद फटीतून दाबून काढलं की सुया आपोआप सरळ होतात. आपण शेवग्यातून (शेवयांच्या साच्यातून) शिरवळ्या दाबतो तेव्हा पीठ कसं लांब लांब निघतं, तसंच. १९३८ मध्ये तर सुयाही गेल्या, पीव्हीए नावाचं प्लास्टिक ताणायचं म्हणजे त्याचे लांबलचक रेणू एका दिशेला येतात आणि मग त्यांना आयोडीन पाजायचं. तुमच्या घरातल्या एलसीडी टीव्हीत अशाच पट्ट्या बसवलेल्या असतात, एक मागे एक पुढे, आणि मधले लिक्विड क्रिस्टल उजेडाची थरथर वळवून ठरवतात की कुठला ठिपका उजळ आणि कुठला काळा. म्हणून तर फोन आणि गॉगल यांचं भांडण लागतं.

हार्वर्डला तो परत गेला, पण डिग्री घेतलीच नाही. १९३२ मध्ये तिथल्याच जॉर्ज व्हीलराइट या फिजिक्सच्या मास्तरला सोबत घेऊन कंपनी काढली आणि १९३७ मध्ये तिची पोलरॉइड झाली. धंद्याची गोष्ट सांगायची तर ही ऐका. १९३४ मध्ये चष्मे बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीची माणसं येणार होती, तर लँडने बॉस्टनच्या हॉटेलात खोली घेतली आणि खिडकीत, बरोबर ऊन पडतं तिथे, गोल्डफिशचं भांडं ठेवलं. पाहुणे आले, भांड्यावर एवढी चमक की आत काही दिसेना. लँडने माफी मागितली, मासे दिसत नसतील ना म्हणाला, आणि एकेकाच्या हातात आपली पट्टी दिली. मासे दिसले आणि सौदा झाला. तळीच्या पायरीवर मला हेच आठवलं, फक्त माझ्याकडे सौदा करायला कुणी नव्हतं.

पण हेडलाइट? ते सगळ्यात सुंदर गणित होतं हो. प्रत्येक गाडीच्या दिव्यावर ४५ अंशात तिरपी पट्टी लावायची, आणि ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोरही तशीच, त्याच तिरप्या दिशेची. आपल्या दिव्याचा उजेड रस्त्यावरून परत येतो तो आपल्या पट्टीशी जुळतो, म्हणून खड्डा दिसतो. समोरची गाडी मात्र आपल्याकडे तोंड करून असते, त्यामुळे तिची तिरपी रेघ आपल्याला उलटी तिरपी दिसते, फुली झाली, दिवा जवळजवळ विझला. मोटार कंपन्यांशी वर्षानुवर्षं बोलणी चालली आणि १९४७ च्या आसपास त्यांनी नाही म्हटलं. पट्टी निम्म्याहून जास्त उजेड खाते म्हणजे दिवे जास्त प्रखर हवेत, जुन्या गाड्यांचं काय करायचं हा प्रश्न, आणि मुख्य म्हणजे पहिल्याने ज्याने लावली त्याला स्वतःला फायदा शून्य, बाकीच्यांनी लावेपर्यंत.

त्याच १९४७ मध्ये २१ फेब्रुवारीला न्यूयॉर्कमध्ये लँडने स्वतःचा फोटो काढून मिनिटाभरात सगळ्यांसमोर सोलून दाखवला. या झटपट फोटोची सुरुवात १९४३ ची, सांता फे गावी सुट्टीत त्याने तीन वर्षांच्या मुलीचा फोटो काढला आणि ती म्हणाली मला आत्ताच का बघता येत नाही. लँड सांगायचा की त्यानंतर तासाभर फिरायला गेला आणि परत येईपर्यंत जवळजवळ सगळं डोक्यात जमलं होतं. जमलेलं असं, की निगेटिव्हवर जिथे उजेड पडलाच नाही तिथलं चांदीचं क्षार वाया जातं, तर तेच विरघळवून समोर चिकटवलेल्या कागदावर पाठवायचं, तिथे त्याची चांदी होते आणि फोटो उमटतो. औषधाची पेस्ट एका इवल्याशा पुडीत भरायची, फोटो बाहेर ओढताना रोलर ती पुडी फोडतात. १९४८ च्या नोव्हेंबरात बॉस्टनच्या दुकानात पहिले कॅमेरे आले, पन्नासहून जास्त, पहिल्याच दिवशी संपले.

मला यातला सगळ्यात आवडतो तो १९७२ चा एसएक्स-७०. माझा मामा तारवटी, बोटीवरून येताना त्याने त्याच्याच जातीचा नंतरचा एक कॅमेरा आणलेला, चवथीला. माटोळीखाली (गणपतीवर फळं-फुलं टांगतात ती) आजीला उभं केलं, क्लिक, आणि कॅमेऱ्याच्या तोंडातून घर्रर्र करत पांढरा चौकोन बाहेर. मामा तो फडाफडा हलवत होता (काही गरज नसते), आम्ही पोरं भोवती, आणि हळूहळू धुक्यातून माटोळीतली तोरिंगणं, मग आजीचं नऊवारी. एका पाकिटात दहाच फोटो, त्यामुळे अकराव्या नातवाचा निघाला नाही, तो अजून बोलून दाखवतो.

तेव्हा डोक्यात आलं नाही पण आता येतं, फिल्म भर उन्हात बाहेर आली तर जळली कशी नाही? तर त्या पेस्टमध्ये असे रंग घातलेले असतात की ती अल्कली असते तोवर ते गडद राहतात आणि खालच्या थरावर पडद्यासारखे उजेड अडवतात. आत रसायनांचं काम संपत आलं की एक आम्लाचा थर ती अल्कली मारून टाकतो आणि पडदा बेरंग होतो. हळदीला चुना लागला की लाल आणि लिंबू पिळलं की परत पिवळी, त्याच जातीचा खेळ. बॅटरीसुद्धा फिल्मच्या पाकिटातच चपटी करून बसवलेली, म्हणजे कॅमेरा कधी उतरलेल्या बॅटरीने अडून बसायला नको.

लँडची माणसं निवडायची पद्धतही अजब. मेरो मोर्स ही कलेचा इतिहास शिकलेली मुलगी, तिला त्याने कृष्णधवल फिल्मच्या संशोधनाची प्रमुख केलं. नजर असलेल्या माणसाला केमिस्ट्री शिकवता येते, उलटं अवघड, असा काहीसा हिशोब असावा. स्वतःच्या नावावर पाचशेहून जास्त पेटंट. पण हाच हट्ट शेवटी अंगाशी आला. १९७७ मध्ये पोलाव्हिजन काढलं, झटपट सिनेमा, आवाज नाही, लांबी अडीच मिनिटं, आणि तोवर व्हिडिओ टेप दारात उभी. गोदामं भरून राहिली. १९८० मध्ये त्याने कंपनीची मुख्य खुर्ची सोडली, १९८२ मध्ये पूर्ण बाहेर, आणि मग माणसाला रंग कसे दिसतात या जुन्या आवडीच्या संशोधनात रमला. कोडॅकवर १९७६ मध्ये ठोकलेला पेटंटचा दावा पोलरॉइड जिंकली, भरपाई नव्वद कोटी डॉलरच्या वर. १ मार्च १९९१ ला लँड गेला. दहा वर्षांनी, २००१ मध्ये, पोलरॉइडने दिवाळखोरी जाहीर केली.

ते फेरीवरचे काका परवा परत भेटले, आता तोंडओळख झालीये. मला म्हणाले गॉगल मस्त, पण रात्रीचा काही उपयोग नाही, मयेच्या रस्त्याला समोरून हायबीम मारत येतात ते सगळे आंधळे करून जातात. रात्री काळा गॉगल लावून गाडी चालवू नका हो, असं मी आधी बजावलं आणि मग त्यांना लँडचं ते फुलीचं गणित सांगितलं, बोटं तिरपी धरून. त्यांना एका झटक्यात कळलं.

"मागीर कित्याक केलें ना?" (मग केलं का नाही?)

म्हटलं सगळ्या गाड्यांनी एकदम लावायला हवं ना, एकट्याने लावून उपयोग नाही.

काकांनी फेरीकडे बघितलं. रॅम्प अजून धक्क्याला टेकलाही नव्हता आणि चार स्कूटर, दोन गाड्या आणि एक टेम्पो एकमेकांत घुसून हॉर्न वाजवत होते. "एकदम?" असं म्हणून ते हसले, किक मारली आणि त्यातच घुसले.