पटांगण सपाट कसे झाले आणि चढउतार परत का आले

शाळेच्या आवारात झाड असावे ही कल्पना जुनी आहे. ते झाड मुलांनी चढावे म्हणून असावे, ही मात्र बरीच अलीकडची. आज अनेक देशांत शाळांच्या पटांगणावरचे डांबर उखडून तेथे मातीचे उंचवटे, ओंडके, मोठे दगड, झुडपे आणि वाळू आणली जात आहे. त्यामागची कारणे सांगताना मुलांच्या हालचाल कौशल्यांचा, म्हणजे धावणे, उडी मारणे, चढणे, तोल सांभाळणे, फेकणे आणि झेलणे यांचा, उल्लेख आवर्जून होतो. हे कारण इतके स्वाभाविक वाटते की ते पहिल्यापासूनच असावे असा समज होतो. प्रत्यक्षात शाळेचे आवार बराच काळ उलट्या दिशेने बदलत गेले: जमीन सपाट केली गेली आणि शरीराला लागणारा व्यायाम त्या सपाट जमिनीवर वेगळा पुरवला गेला.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये शिशुशाळांचा प्रसार करणाऱ्या सॅम्युएल वाइल्डरस्पिन यांनी शाळेला पटांगण हवेच असा आग्रह धरला आणि तेथे फुलझाडे व फळझाडे लावण्याचा सल्ला दिला. हेतू मात्र नैतिक होता. हाताशी आलेले फळ न तोडण्याचा संयम मुलांच्या अंगी बाणावा, यासाठी ती झाडे होती. हातपाय हलवण्याची सोय वेगळी होती: मधोमध एक उंच खांब, त्याला बांधलेले दोर, आणि ते धरून गोल फिरणारी मुले. झाड पाहायला आणि खांब खेळायला, ही वाटणी पुढे फार काळ टिकली. जर्मनीत फ्रीडरिश फ्रोबेल यांनी १८४० मध्ये आपल्या संस्थेला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले आणि मुलांना स्वतःचे वाफे दिले. तेथे खणणे, वाकणे, पाणी वाहून नेणे आपोआप होत असे, पण भर निसर्गातील वाढीचा क्रम समजण्यावर होता.

शरीराचा विचार स्वतंत्रपणे केला तो व्यायामशिक्षकांनी, आणि या कथेतील सर्वांत बोलका धागा तेथेच सापडतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतील श्नेपफेनथाल येथील शाळेत योहान गुट्समुथ्स मुलांना मोकळ्या जागेत पळणे, उड्या मारणे, चढणे आणि तोल सांभाळणे शिकवत होते. १८११ मध्ये फ्रीडरिश लुडविग यान यांनी बर्लिनजवळच्या हासेनहाइडे येथे खुले व्यायाम मैदान सुरू केले. तोल सांभाळण्याच्या साधनाला जर्मनमध्ये ‘श्वेबेबाउम’ म्हणत, आणि त्यातील ‘बाउम’ म्हणजे झाड. नावात झाड राहिले. साधन मात्र पुढे तासले गेले, गुळगुळीत झाले, ठरावीक रुंदीचे आणि ठरावीक उंचीचे झाले, आणि शेवटी छपराखाली गेले. झाडाच्या आडव्या बुंध्यात जे असते, म्हणजे एका टोकाला निमुळते होत जाणे, सालीचा खरखरीतपणा, भार पडताच किंचित हलणे, ते सारे या प्रवासात गळून पडले. मोजमाप आणि शिस्त यांना ते नकोच होते.

सक्तीच्या शिक्षणाने उरलेले काम पूर्ण केले. इंग्लंडमध्ये १८७० च्या शिक्षण कायद्यानंतर दाट वस्तीच्या शहरांत झपाट्याने शाळा उभ्या राहिल्या, आणि इतर देशांतही तेच घडले. शेकडो मुलांवर एका नजरेत लक्ष ठेवायचे, रांगेत कवायत करून घ्यायची आणि वर्गात चिखल येऊ द्यायचा नाही, या तीन गरजांना एकच उत्तर होते: सपाट, कठीण, मोकळे पटांगण. लंडनमध्ये जागेअभावी काही शाळांचे पटांगण थेट गच्चीवर गेले. तेथे जमिनीचा प्रश्नच मिटला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीस निसर्ग परत आला, पण औषध म्हणून. १९०४ मध्ये बर्लिनलगतच्या शार्लोटेनबुर्ग येथे अशक्त मुलांसाठी जंगलातील शाळा सुरू झाली आणि क्षयाच्या भीतीने पछाडलेल्या युरोपात अशा खुल्या हवेच्या शाळा पसरल्या. हवा, ऊन आणि विश्रांती हा त्यांचा गाभा होता. पायाखालच्या जमिनीला महत्त्व नव्हते. अपवाद मार्गारेट मॅकमिलन यांचा. बहीण रेचेल यांच्यासह त्यांनी लंडनच्या डेप्टफर्ड भागात १९१४ मध्ये सुरू केलेल्या बालशाळेत बाग हीच मुख्य खोली होती, आणि त्या बागेत दगड, जुने लोखंड, मडकी अशा टाकाऊ वस्तूंचा एक ढीगही हवा, असे त्यांचे स्पष्ट मत होते.

या ढिगाची पुढची पायरी डेन्मार्कमध्ये दिसते. बांधलेल्या खेळमैदानांपेक्षा मुले बांधकामाच्या जागी आणि भंगारात जास्त रमतात, हे निरीक्षण भूरचनाकार कार्ल थिओडोर सोरेन्सन यांनी १९३१ मध्ये मांडले होते. १९४३ मध्ये, जर्मन ताब्याच्या काळात, कोपनहेगनच्या एमड्रुप भागात त्यातून भंगार मैदान साकारले. ते शाळेचे आवार नव्हते, पण खेळाची जागा पूर्ण न करता सोडली तर मूल ती पूर्ण करते, हा विचार तेथून शाळांपर्यंत आला. ब्रिटिश कलावंत सायमन निकोल्सन यांनी १९७१ मध्ये सुट्या भागांची, म्हणजे मुलांना हव्या तशा हलवता आणि जोडता येणाऱ्या वस्तूंची, कल्पना मांडून त्याला नाव मिळवून दिले.

तरीही एक प्रश्न अनुत्तरित होता: उंचसखल जागेने हालचाल सुधारते, असे मानायचे तरी का? विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्या भागात बालविकासशास्त्राचे प्रचलित उत्तर या कल्पनेला अनुकूल नव्हते. अर्नोल्ड गेझेल यांनी १९२९ मध्ये जुळ्या मुलींवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. एकीला जिने चढण्याचा सराव दिला, दुसरीला दिला नाही, आणि दुसरीने थोड्याच अवधीत पहिलीला गाठले. निष्कर्ष असा काढला गेला की शरीर आपल्या वेळापत्रकाने पिकते आणि परिसराचा वाटा दुय्यम असतो. मर्टल मॅकग्रॉ यांनी १९३५ मध्ये जॉनी आणि जिमी या जुळ्यांवरचे काम मांडले. त्यात सराव मिळालेला जॉनी तीव्र उतार चढण्यासारख्या गोष्टींत आपल्या भावापेक्षा खूपच पुढे गेलेला दिसला. पण त्या काळात गेझेल यांचा आवाज मोठा ठरला.

उत्तर बदलले ते दोन वेगळ्या वाटांनी. १९२० च्या दशकात मॉस्कोमध्ये हालचालींचे अभ्यासक निकोलाय बर्नस्टाइन छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कुशल कामगारांचे चित्रण करत होते. घाव नेमका बसत होता, पण खांदा, कोपर आणि मनगट प्रत्येक वेळी थोड्या वेगळ्या मार्गाने जात होते. कौशल्य म्हणजे तीच हालचाल पुन्हा करणे नसून तोच प्रश्न पुन्हा सोडवणे आहे, असा त्याचा अर्थ. हे काम पाश्चात्त्य वाचकांपर्यंत १९६७ नंतर पोहोचले. दुसरी वाट अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांची. पृष्ठभाग प्राण्याला काय करू देतो हे आपण थेट पाहतो, असे त्यांनी म्हटले आणि या ‘करू देण्या’साठी ‘अफोर्डन्स’ हा शब्द घडवला. गुडघ्याइतका दगड चार वर्षांच्या मुलाला चढू देतो, प्रौढाला बसू देतो. एस्थर थेलन यांनी १९८० च्या दशकात दाखवले की तान्ह्या बाळाची नाहीशी झालेली पावले टाकण्याची हालचाल पाय पाण्यात बुडवताच परत येते. मेंदूचे वेळापत्रक तेच, बदलले ते फक्त पायांचे वजन. १९८६ मध्ये कार्ल न्यूएल यांनी हालचाल ही शरीर, काम आणि परिसर या तिघांच्या मर्यादांमधून घडते, अशी मांडणी केली. परिसर आता पार्श्वभूमीला न राहता समीकरणात आला.

हे सारे पटांगणापर्यंत आणण्याचे श्रेय मुख्यतः दोघांना द्यावे लागते. रॉबिन मूर यांनी १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील बर्कली येथील एका प्राथमिक शाळेच्या डांबरी आवाराचा काही भाग उखडून तेथे तळी, झाडे आणि गवताळ जागा तयार करण्याचा प्रकल्प चालवला आणि मुले तेथे काय करतात याची वर्षानुवर्षे नोंद ठेवली. मानसशास्त्रज्ञ हॅरी हेफ्ट यांनी १९८८ मध्ये परिसराचे वर्णन ‘झाड’, ‘भिंत’ अशा नामांनी न करता ‘चढण्याजोगे’, ‘पकडण्याजोगे’, ‘आकार देण्याजोगे’ अशा क्रियांनी करणारी दहा प्रकारांची यादी दिली.

मोजमाप नॉर्वेतून आले. इंगुन फ्योरटोफ्ट यांनी टेलेमार्कमधील बो या गावी पाच ते सात वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला, तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. ४६ मुले नऊ महिने जवळपास रोज एक ते दोन तास बालवाडीलगतच्या जंगलात खेळली. तुलनेसाठी घेतलेली २९ मुले मुख्यतः नेहमीच्या साधनांच्या मैदानावर. मोजणीसाठी युरोपात प्रचलित असलेली शारीरिक क्षमतेची चाचणीमालिका वापरली गेली. तिच्यातील तोलाची चाचणी अशी: जेमतेम तीन सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीवर एका पायाने उभे राहायचे, दुसरा पाय मागे दुमडून हाताने धरायचा, आणि एक मिनिट पूर्ण होईपर्यंत किती वेळा पडलो ते मोजायचे. वर्षाअखेर तोल आणि समन्वय यांत जंगलातील मुले उठून दिसली. त्यांना कोणी तोल शिकवला नव्हता. ओल्या मुळावर, सैल दगडावर, उतारावर पुढचे पाऊल कुठे टाकायचे हा निर्णय त्यांनी हजारो वेळा घेतला होता.

या निष्कर्षाला मर्यादा आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. गट लहान होते, मुले चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती, आणि जंगलात जाणाऱ्या गटाचे शिक्षकही बहुधा अधिक उत्साही असतात. त्यानंतरचे अभ्यास एकंदरीत त्याच दिशेचे आहेत, पण फेकणे, झेलणे, टोलवणे यांबाबत ते फार काही सांगत नाहीत, आणि ते अपेक्षितही आहे: झुडपांमध्ये चेंडू हरवतो.

दरम्यान सुरक्षेचे नियम नेमके उलट्या बाजूने कडक होत होते. अमेरिकेत १९८१ मध्ये सार्वजनिक खेळमैदानांसाठी मार्गदर्शिका निघाली, युरोपात १९९८ मध्ये समान मानके आली. ती खेळसाधनांसाठी होती. ओबडधोबड दगड किंवा वाकडी फांदी कुठल्या रकान्यात भरायची हे कुणालाच ठाऊक नव्हते, म्हणून सावध व्यवस्थापकांनी त्या काढूनच टाकल्या. डॅनिश भूरचनाकार हेले नेबेलाँग यांनी यावर घेतलेला आक्षेप मला आजही सर्वांत नेमका वाटतो: शिडीच्या पायऱ्यांमधील अंतर अचूक समान असेल, तर मुलाला पाय कुठे पडतो याकडे लक्ष द्यावेच लागत नाही. २००७ मध्ये नॉर्वेच्या संशोधक एलेन सँडसेटर यांनी धोक्याच्या खेळाचे सहा प्रकार मांडल्यानंतर ही चर्चा संशोधनाच्या भाषेत होऊ लागली.

अलीकडे आवारे हिरवी होत आहेत ती मात्र पुन्हा वेगळ्याच कारणाने. पॅरिसने २०१७ नंतर शाळांची पटांगणे बदलण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला तो प्रामुख्याने उष्णतेच्या लाटांमुळे. इतर शहरांत पावसाचे पाणी मुरवणे हा हेतू असतो. दोन्ही कारणे रास्त आहेत, पण सावलीसाठी लावलेले झाड कुंपणात जाते आणि पाणी मुरवण्यासाठी लावलेली हिरवळ तुडवू नये म्हणून दोरी लागते. सपाट हिरवळ पायाला डांबराहून मऊ लागते, एवढेच. तोलाला ती नवा प्रश्न विचारत नाही. हेफ्ट यांच्या यादीत सपाट, गुळगुळीत जमीन वगळलेली नाही. उलट ती पहिल्याच क्रमांकावर आहे, कारण चेंडू, सायकल आणि पकडापकडी यांना ती लागते. शाळांच्या बहुतेक आवारांत तेवढी एक नोंद शंभर वर्षांपूर्वीच भरलेली आहे. उतार, आधाराला धरण्याजोगी फांदी, सैल माती, पाणी आणि चढण्याजोगा दगड हे रकाने रिकामे आहेत.