घरगुती इंधन म्हणून प्रोपेन

प्रोपेन हा तीन कार्बन आणि आठ हायड्रोजन अणूंचा ज्वलनशील वायू आहे. नैसर्गिक वायूवर प्रक्रिया करताना आणि खनिज तेल शुद्ध करताना तो मिळतो. माफक दाबाखाली त्याचा द्रव होतो, आणि घरगुती इंधन म्हणून त्याचे सारे महत्त्व या एका गुणात आहे. द्रवाचा वायू होताना आकारमान सुमारे २७० पट वाढते, त्यामुळे महिनोन्‌महिने पुरेल एवढे इंधन अंगणातल्या एका टाकीत मावते. वायूची नळवाहिनी जिथे पोहोचलेली नाही तिथल्या घरांमध्ये स्वयंपाक, गरम पाणी आणि थंडीत घर उबदार ठेवणे यांसाठी तो वापरला जातो. १९१० मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर स्नेलिंग यांनी पेट्रोलमधून उडून जाणाऱ्या बाष्पाचा अभ्यास करताना त्यातला प्रोपेन ओळखला, आणि तिथून त्याचा इंधन म्हणून प्रवास सुरू झाला.

सिलिंडरमधून मिळणारा एलपीजी हा बऱ्याच ठिकाणी प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असतो. हा फरक थंडीत कळतो. ब्यूटेन उणे ०.५° से.ला उकळतो, म्हणजे पाणी गोठण्याच्या सुमाराला त्याची वाफ होणेच जवळपास थांबते. प्रोपेनचा उत्कलनबिंदू मात्र उणे ४२° से. आहे. जिथे कडाक्याची थंडी पडते आणि टाकी उघड्यावर असते, तिथे शुद्ध प्रोपेनला पर्याय नाही.

प्रोपेन निवडताना लोक शेगडी आणि बॉयलर (घर उबदार ठेवायला पाणी तापवणारे यंत्र) यांचाच विचार करतात. खरा विचार टाकीचा करायला हवा. द्रवाची वाफ व्हायला उष्णता लागते, आणि ती बाहेरच्या हवेतून किंवा मातीतून, टाकीच्या द्रवाला टेकलेल्या भिंतींमार्गे येते. २४ किलोवॉटचा बॉयलर पूर्ण क्षमतेने चालला तर तासाला जवळजवळ २ किलो प्रोपेन खातो. टाकी लहान असेल तर आतला द्रव झपाट्याने गार होतो, बाहेरून द्रवाच्या पातळीपर्यंत दवाचा किंवा बर्फाचा थर जमतो आणि दाब घसरतो. टाकीत इंधन असते, पण ज्योत मंदावते. त्यात पातळी खाली गेली की द्रवाला लागलेला पत्राही कमी होतो, म्हणजे वाफ आणखी कमी. म्हणून टाकीचे माप ‘किती दिवस पुरेल’ एवढ्यावर ठरवू नये. वर्षातल्या सर्वांत थंड रात्री, टाकी तळाला आलेली असताना, ती पुरेशी वाफ देईल का, हा प्रश्न आधी विचारावा. जमिनीखाली पुरलेल्या टाकीला मातीची ऊब मिळते, मात्र तिला गंजापासून जपावे लागते.

टाकी कधीही काठोकाठ भरत नाहीत. द्रव प्रोपेन उष्णतेने पाण्यापेक्षा कितीतरी जास्त फुगतो, त्यामुळे साधारण ८० ते ८५ टक्क्यांवर भरणे थांबवतात. २०° से.ला टाकीतला दाब वातावरणापेक्षा ७ बारहून अधिक असतो, तर शेगडीला हवा असतो ३० मिलिबारच्या आसपास. हा उतार रेग्युलेटर सांभाळतो, मोठ्या टाकीवर सहसा दोन टप्प्यांत.

समान आकारमानाच्या नैसर्गिक वायूपेक्षा प्रोपेन सुमारे अडीचपट उष्णता देतो. त्यामुळे त्याच्या बर्नरच्या जेटचे, म्हणजे वायू सोडणाऱ्या तोटीचे, छिद्र बारीक असते. नैसर्गिक वायूची शेगडी जेट न बदलता प्रोपेनला जोडली तर ज्योत उंच आणि पिवळी होते, भांडी काळी पडतात आणि, सर्वांत वाईट म्हणजे, कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. हे काम घरच्या घरी करण्याचे नाही.

प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड आहे. गळती झाली तर तो वर निघून न जाता तळघरात, गटारात, जमिनीलगतच्या खोलगट जागेत साचतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण २ ते ९.५ टक्के असले की एक ठिणगी पुरते. म्हणून गळती ओळखणारे यंत्र जमिनीजवळ बसवतात. कार्बन मोनॉक्साइडसाठी यंत्र वेगळे लागते. प्रोपेनला स्वतःचा वास नाही, ओळखू यावा म्हणून त्यात बहुधा इथिल मरकॅप्टन हे उग्र वासाचे रसायन मिसळतात. कोऱ्या पोलादी टाकीत हा वास फिका पडू शकतो, तेव्हा केवळ नाकावर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे.

खर्चाची तुलना दर किलोच्या भावाने होत नाही, खोलीत पोहोचणाऱ्या उष्णतेने होते. १ किलो प्रोपेन जळताना जवळजवळ १३ युनिट विजेइतकी उष्णता मिळते. साध्या विद्युत हीटरशी त्याची गाठ असेल तर प्रोपेन अनेकदा स्वस्त पडतो. बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता ओढून घरात आणणारा हीट पंप मात्र १ युनिट विजेत ३ युनिटांच्या आसपास उष्णता घरात आणू शकतो, आणि सौम्य हवामानात निव्वळ घर उबदार ठेवण्यासाठी त्याच्यापुढे प्रोपेनची बाजू लंगडी पडते. कार्बन डाय-ऑक्साइडच्या बाबतीत तो तेलापेक्षा बरा, नैसर्गिक वायूपेक्षा वाईट. त्याचे बळ दुसरीकडे आहे : ज्योतीवरचा स्वयंपाक, तत्काळ गरम पाणी, तीव्र थंडीत लागणारी जोरदार उष्णता, आणि वीज गेल्यावर चालणारे जनरेटर. पेट्रोल-डिझेलसारखा तो साठवणुकीत खराब होत नाही. मात्र आधुनिक बॉयलरचा पंखा, पंप आणि ठिणगी विजेवरच चालतात. टाकी भरलेली असूनही वीज नसेल तर घर थंडच राहते.

टाकी कोणाच्या मालकीची, हेही करारापूर्वी पाहावे. पुरवठादाराची टाकी घेतली तर सुरुवातीचा खर्च वाचतो, पण ती बहुधा त्याच्याकडूनच भरावी लागते आणि भावाची घासाघीस करायला जागा उरत नाही. वनस्पती तेले आणि टाकाऊ चरबी यांपासून डिझेल बनवताना जैव-प्रोपेनही मिळतो. रेणू तोच असल्याने टाकी, रेग्युलेटर, बर्नर यांपैकी काहीच बदलावे लागत नाही. पुरवठा मात्र अजून अपुरा आहे.