कोळसा नसलेल्या किनाऱ्यावर कोळशाची वीज

कोकणच्या जमिनीत कोळशाचा खडाही सापडत नाही. वर जांभा, खाली काळा कातळ. राज्यातल्या कोळशाच्या खाणी आहेत त्या पार विदर्भात. तरीही ट्रॉम्बे, डहाणू आणि जयगडला कोळसा जाळणारी वीजकेंद्रं उभी राहिली. कोळसा जहाजातून किंवा रेल्वेने आणता येतो, हे त्याचं अर्धंच उत्तर. उरलेलं अर्धं समुद्राच्या थंडाव्यात आहे.

वीजकेंद्र म्हटलं की आपली नजर चिमणीवर जाते. डहाणूची चिमणी तर सुमारे 275 मीटर उंच, लांबूनही दिसते. पण खरी गंमत खाली, टर्बाइनच्या पोटाखाली असते. कोळसा गिरणीत पिठासारखा दळून भट्टीत फुंकतात. भट्टीच्या भिंतीच नळ्यांच्या, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती साधारण 540 अंशांपर्यंत तापवतात. ही वाफ टर्बाइनची पाती मिनिटाला 3,000 वेळा फिरवते, कारण आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. त्याच दांड्यावर जनित्र असतं. तारेच्या वेटोळ्यात चुंबक फिरला की वीज वाहते, हे फॅरडेने 1831 मध्ये दाखवलं होतं.

आता काम झालेल्या वाफेचं काय करायचं? सोडून दिली तर बरीच ताकद फुकट. वाफेचं पुन्हा पाणी झालं की तिचं आकारमान एकदम आक्रसतं, तिथे निर्वात पोकळी होते आणि ती पोकळी मागची वाफ टर्बाइनमधून ओढून घेते. म्हणजे टर्बाइनला एका टोकाला आग लागते, तितकाच दुसऱ्या टोकाला गारवा लागतो. गारव्याची जागा वेगळी हवी, हे जेम्स वॉटच्या 1765 च्या सुमारास लक्षात आलं. त्याच्या आधीच्या इंजिनात सिलिंडरच दर फेरीला थंड करावा लागे. त्याने वाफ थंड करायला वेगळं भांडं जोडलं. किटलीच्या झाकणाची गोष्ट शाळेत सगळ्यांनी ऐकलेली असते, या भांड्याची फारशी कोणी सांगत नाही. अभियंता चार्ल्स पार्सन्सचं वाफेचं टर्बाइन तर पुढचं, 1884 चं. वॉटच्या त्या भांड्याचं आजचं रूप म्हणजे कंडेन्सर; त्यात हजारो नळ्यांतून समुद्राचं पाणी खेळतं आणि नळ्यांबाहेर वाफ निवते. बॉयलरचं शुद्ध पाणी आणि खारं पाणी एकमेकांना शिवत नाही.

समुद्र नसेल तर काय होतं ते परळीने दाखवलं. 2013 च्या दुष्काळात तिथलं केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं.

कोकणातली पहिली मोठी वीज मात्र कोळशाची नव्हती. 1915 मध्ये खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी घाटाखाली सोडून केलेली वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली, आणि गिरण्यांचे कोळशाचे बॉयलर हळूहळू थंडावले. पुढे मुंबईची भूक घाटाच्या पाण्याला पुरेना. 1956 मध्ये ट्रॉम्बेला औष्णिक केंद्र आलं; देशातला पहिला 500 मेगावॉटचा संचही तिथेच, 1984 मध्ये.

डहाणूची गोष्ट वाकडी आहे. मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवणाऱ्या बीएसईएसने तिथल्या खाडीकाठी 250 मेगावॉटचे दोन संच उभारले आणि ते 1995 मध्ये सुरू झाले. मधल्या काळात, 1991 मध्ये, केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला होता. चिकूच्या वाड्यांच्या गावात मुंबईसाठी धूर कशाला, हा तिथल्या लोकांचा प्रश्न होता, आणि तो रास्तच होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्यातून 1996 मध्ये न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. या प्राधिकरणाने चिमणीतला गंधकाचा वायू रोखणारी यंत्रणा बसवायला लावली. ती 2007 मध्ये सुरू झाली. तीही समुद्राच्याच जिवावर चालते: खारं पाणी मुळात किंचित अल्कधर्मी, त्यामुळे धुरातला आम्लधर्मी वायू ते शोषून घेतं.

जयगडला 2010-11 मध्ये 300 मेगावॉटचे चार संच आले. कोळसा परदेशी, शेजारच्या बंदरात उतरणारा. तिथे वाद पेटला तो हापूसच्या मोहोरावरून, आणि तोही कोर्टात गेला.

या सगळ्या भांडणांत चिमणी आणि राख पुढे असते, कंडेन्सर मागे. पण कोळशातली साधारण निम्मी उष्णता याच वाटेने समुद्रात जाते. वीज होते ती जेमतेम 35 ते 40 टक्क्यांची. किनाऱ्यावरच्या नव्या केंद्रांनी सोडलेल्या पाण्यामुळे समुद्राचं तापमान 7 अंशांपेक्षा जास्त वाढू नये, असा नियम आहे. तो लागू झाला 1999 च्या जूनपासून, म्हणजे ट्रॉम्बेच्या पहिल्या संचानंतर 43 वर्षांनी.