थंडीत संत्रं खाल्लं की सर्दी होते?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात डिसेंबरात नागपुरी संत्री दिसू लागली की घरोघरी आज्या बजावतात, "थंडीत आंबट नको, सर्दी होईल." (गोव्याची थंडी ती केवढी!) सर्दी होते विषाणूंमुळे, बहुतेकदा ऱ्हायनोव्हायरसमुळे, संत्र्याच्या फोडीमुळे नव्हे. घसा आधीच सुजला असेल तर आंबट रस झोंबतो, एवढंच.

पण हल्लीचं उलटं टोकही खरं नाही. रोज क जीवनसत्त्व घेतल्याने सर्दी सहसा टळत नाही. २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात (म्हणजे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात) ते नियमित घेणाऱ्या प्रौढांची सर्दी सरासरी जेमतेम ८ टक्के लवकर आटोपली, आणि तेही गोळ्यांच्या जोरावर. क जीवनसत्त्वच हवं असेल, तर परसातला पेरू संत्र्याहून कितीतरी सरस.