वीस बाजूंचा एक फासा की साधे तीन?
रोलप्लेइंग खेळांत खेळाडू एकेक पात्र रंगवतात नि पात्राची कृती जमली की नाही ते फासे ठरवतात. तिथे नव्याने आलेल्याला हमखास ऐकवलं जातं: "सरासरी दोन्हीकडे साडेदहाच, मग फरक काय?" सरासरी बरोबर, निष्कर्ष चूक. डंजन्स अँड ड्रॅगन्स या अशाच खेळाच्या मोफत नियमांत वीस बाजूंचा फासा टाकतात. १ काय नि २० काय, प्रत्येक आकड्याची शक्यता ५ टक्केच. मोफतच मिळणाऱ्या गर्प्स लाइट या दुसऱ्या खेळाच्या नियमांत सहा बाजूंचे साधे तीन फासे. त्यांच्या २१६ शक्यतांपैकी ५४ वेळा बेरीज १० किंवा ११ येते, १८ फक्त एकदा. तिथे पात्राच्या कौशल्याच्या आकड्याइतकं किंवा त्याहून कमी पडावं लागतं. त्यामुळे कौशल्य १० वरून ११ केलं, की यशाची शक्यता ५० वरून थेट साडेबासष्ट टक्के. १४ वरून १५ केलं तर जेमतेम साडेचार टक्क्यांची भर. मला तीन फासेच आवडतात. कसलेला तिरंदाज त्यात उठसूट तोंडघशी पडत नाही.