टायरवरचा आकडा आणि दारावरचा आकडा

पंपावर हवा भरणारा पोरगा नळी लावता लावता विचारतो, ‘कितना?’ मग बरेच जण खाली वाकतात, टायरच्या कडेला रबरात उठवलेला ‘मॅक्स’चा आकडा वाचतात, ४४ किंवा ५१ पीएसआय, आणि तोच ठोकून देतात. आकडा खरा असतो, पण तो भरायचा नसतो. ती टायर कंपनीने घातलेली कमाल मर्यादा आहे.

तोच टायर एखाद्या हॅचबॅकला बसतो आणि तिच्याहून जड सेडानलाही. कुठल्या गाडीचं किती वजन कुठल्या चाकावर पडतं, हे गाडी बनवणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून भरायचा आकडा गाडीवर असतो: ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावरच्या स्टिकरवर, काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत. छोट्या गाड्यांना तो बहुधा तिशीच्या आसपास असतो. पुष्कळदा दोन ओळी असतात, एक रोजच्यासाठी, दुसरी भरलेल्या गाडीसाठी. गणपतीला पाचजण आणि डिकीभर सामान घेऊन कोकणात निघालात, तर दुसरी बघा. मागच्या चाकांचा आकडा तिथे बहुधा वाढलेला दिसेल.

‘मॅक्स’पर्यंत भरलं की टायर मधोमधच टेकतो, मधली नक्षी आधी झिजते, ब्रेकला पकड कमी मिळते आणि प्रत्येक खड्डा थेट कमरेत बसतो. कमी हवेत कडा झिजतात, टायर तापतो. एक्सप्रेसवेवर हे जास्त धोक्याचं. पावसाळ्यात हवा कमी ठेवली की पकड वाढते असं छातीठोक सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. साचलेल्या पाण्यावर तसा टायर उलट लवकर तरंगतो.

एक मेख आहे. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा, म्हणजे गाडी तीनेक तास उभी असतानाचा. दहिसरहून हायवेने वांद्र्याला आलात की ३३ चे ३६-३७ झालेले असतात. पंपावरचा पोरगा लगेच ‘ज़्यादा है’ म्हणत हवा सोडायला लागतो. सोडू देऊ नका, थंड झाल्यावर कमी पडेल. सकाळी गाडी काढायच्या आधी स्वतःच्या गेजने बघणं उत्तम, नाहीतर घराजवळचा पंप गाठा. महिन्यातून एकदा पुरे.

स्टेपनीही तपासा. ती बारीक, तात्पुरत्या वापराची असेल, तर बहुतेकदा ६० पीएसआय मागते आणि तेवढ्या एका चाकापुरते टायरवरचा आणि गाडीवरचा आकडा जुळतात.